वरच्या दहा गाण्यांबद्दल क्रेनवाल्यांचं मत

शाळेच्या बक्षीस समारंभात माइक किंचाळला, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याआधीही ते दोन-तीनदा शाळेत आले असणार, कारण त्यांची मुलगी मी शिकवायचे त्या आठवीच्या वर्गात होती. पण शाळेत येणारे पालक बहुतेक सारखेच दिसतात: भिंतीला टेकलेले, हातात पिशवी, नजर घड्याळाकडे. त्या दिवशी मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले आणि माइकने असा काही आवाज काढला की पुढच्या रांगेतलं तान्हं मूल घाबरून रडायला लागलं. सगळ्या सभागृहाने कानांवर हात ठेवले. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ मात्र शांत बसून होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मग आपलेही हात कानांकडे नेले. तोवर आवाज थांबला होता आणि बाकीच्यांचे हात खाली आले होते.

कविता पाठ न केलेलं मूल वर्गाबरोबर म्हणताना नेहमी अर्धा शब्द मागे असतं. अशी मुलं मी जन्मभर ओळखत आले. हा माणूस तसाच अर्धा शब्द मागे होता. शेजारच्या बाईंना विचारलं, "हे कोण हो?"

"अहो, हे नाही माहीत? आपले 'उंचावरचे'."

मी चकितच झाले, कारण 'उंचावरच्यांना' गावात ओळखत नाही असं कोणी नव्हतं, फक्त मी त्यांचा चेहरा पाहिलेला नव्हता.

ते लोखंड ओतण्याच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. छपराखाली लोखंडी रुळांवरून फिरणारी क्रेन, तिला लटकलेली काचेची खोली, आणि त्या खोलीत दिवसाचे आठ तास हे एकटे. पण त्यांचं नाव झालं होतं ते रेडिओमुळे. दर रविवारी सकाळी दहा वाजता त्या आठवड्यातली सर्वांत खपलेली दहा गाणी लागायची, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत, आणि शेवटी एखाद्या श्रोत्याचं पत्र वाचून दाखवायचे. महिन्यातून दोनदा तरी ते पत्र आमच्या गावचं असायचं. खाली सही: 'उंचावरून एक श्रोता'.

त्या दशकात गाण्यांवर मत नसलेला माणूस शोधून सापडला नसता, पण यांचं मत ऐकायला लोक हातातलं काम थांबवायचे. एक गाणं सात आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून होतं. त्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'यातला प्रियकर तिन्ही कडव्यांत मरायला निघतो आणि प्रत्येक कडव्यानंतर ढोल ऐकायला परत येतो. माणसाने काय ते एक ठरवावं. दहापैकी तीन.' एका गाजलेल्या रडक्या गाण्याला पाच गुण दिले, 'तेही गायिकेच्या फुप्फुसांना. रडणारा माणूस मध्येमध्ये श्वास घेतो, हे तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही.' यंत्रावर वाजवलेल्या ठेक्याची तेव्हा नवी टूम निघाली होती. त्यावर, 'असा ठेका आमच्या कारखान्यात रोज आठ तास असतो, त्यासाठी नाचावं लागत नाही.' पण नवव्या क्रमांकावर जेमतेम एक आठवडा टिकलेल्या एका संथ गाण्याला त्यांनी नऊ गुण दिले आणि लिहिलं, 'हे पुढच्या रविवारी यादीत नसेल. वाईट वाटून घेऊ नये. चांगला पाहुणा लवकर उठतो.' मला ते गाणं मुळीच आवडलं नव्हतं. त्या पत्रानंतर आवडायला लागलं.

तर, माइकची किंकाळी ज्याला कळली नाही, त्याला गायिकेने न घेतलेला श्वास कसा कळतो?

उत्तर माझ्याच टेबलावर होतं. 'आमच्या घरातला एक दिवस' या निबंधात त्यांच्या मुलीने लिहिलं होतं, 'आई रागावली की आधी भांडी बोलतात, आई नंतर.' मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारून 'छान' असा शेरा दिला होता आणि खाली तारीख घातली होती. दोन आठवड्यांनी रेडिओवर पत्र आलं: 'या गाण्यातली बाई म्हणे रागावली आहे. पण रागावलेल्या घरात आधी भांडी बोलतात, बाई नंतर. इथे भांडी गप्प आणि मागे बासरी.'

पुढच्या रविवारी सकाळी, मुलीची वही द्यायचं निमित्त काढून मी त्यांच्या घरी गेले. कंपनीच्या दोन खोल्या होत्या. कपाटावर रेडिओ, त्याला चिकटून स्टुलावर मुलगी, मांडीवर वही. आई दारात धान्य निवडत बसलेली. आणि ते स्वतः उभे, रेडिओच्या लाकडी पेटीवर पंजा पसरून, डोळे मिटून. माझं येणं त्यांना कळलंच नाही.

मुलगी माझ्याकडे बघून पांढरी पडली. आईने मात्र मला आत घेतलं, खुर्ची दिली आणि सरळच सांगितलं, "बाई, तुम्हाला कळलंय ते दिसतंय. लपवून काय उपयोग. ठेका ह्यांचा, हाताला लागतो तेवढा. गुणही हेच देतात. बाकी सगळं पोरीचं."

"कधीपासून?"

"बारीक आवाज गेले त्याला तीन वर्षं झाली. आधीची पत्रं ह्यांचीच हो. ह्यांनीच तिला शिकवलं कसं ऐकायचं ते."

ते माझ्यासमोर बसले. माझ्या ओठांकडे पाहत होते. आवाज जाड असेल आणि माणूस समोर असेल तर त्यांना अजून बरंच समजायचं.

मी म्हणाले, "आणि क्रेनखाली उभा असतो त्याचं काय?"

"खाली माझा भाऊ असतो," बायकोनेच उत्तर दिलं, जणू प्रश्नच मिटला.

भाऊ तेवढ्यात आलाच. क्रेनखाली उभा राहून हाताच्या खुणांनी वजन कुठे न्यायचं, कुठे उतरवायचं हे सांगणं त्याचं काम. गळ्यात पितळी शिट्टी, रविवारीसुद्धा. मला पाहून तो जरा बिचकला, मग सवयीने भावोजींच्या समोर जाऊन मोठ्याने म्हणाला, "काय दाजी, त्या मोटारीवरच्या गाण्याला दोनच गुण? आमच्या खात्यात पोरं चिडलीत. म्हणतात, तुझ्या दाजीला वर हवा लागलीय."

"मोटार चांगली आहे," ते म्हणाले. "गाणं तिच्यामागे पळतंय."

"हिने सांगितलं का तुम्ही?"

"गुण माझे, मामा," मुलगी म्हणाली, "म्हणजे बाबांचे. पळणं माझं."

सगळे हसले, मीही हसले. नंतर जाताना ते मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "हिची दहावी होऊ दे. मग मी स्वतः साहेबांना सांगतो. कंपनीची खोली आहे, बाई. कान गेले की क्रेन गेली, क्रेन गेली की खोली. दोन वर्षांचा प्रश्न आहे. हाताच्या खुणा मला चुकत नाहीत."

मी घरी आले आणि मूग गिळून बसले. दोन वर्षं म्हणजे काही फार नव्हेत, असं मी स्वतःला सांगितलं.

खात्यात कुजबुज होतीच. कुणीतरी मुकादमाला म्हणालं, क्रेनवाल्याला हाका ऐकू येत नाहीत. मुकादम हसला. "अरे, तो दर रविवारी बासरीच्या चुका काढतो. त्याला तुझी हाक ऐकायची नसेल." कंपनीचे डॉक्टर वर्षातून एकदा कान तपासायचे, म्हणजे कागदावर सही करायचे आणि विचारायचे, या आठवड्यात पहिलं कोण येणार?

मुलगी नववीत असताना, एका बुधवारी, एक ओतीव तुळई उतरवताना तिच्याभोवतीची साखळी घसरली. तुळई फिरली आणि मेव्हणा तिच्या आणि भिंतीच्या मध्ये आला. वरून तो दिसत नव्हता, त्याचे हात दिसत नव्हते. त्याने शिट्टी वाजवली. तीन वेळा, असं पलीकडच्या भट्टीवरचे लोक सांगत होते. क्रेन थांबली नाही. शेवटची खूण 'उतरव' अशी होती, म्हणून त्यांनी उतरवलं. मेव्हण्याचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

चौकशी बसली. भट्टीवरच्या लोकांनी साहेबांपुढे आवाज कमी केला. एवढ्या गोंगाटात शिट्टी नक्की ऐकली का, असं विचारल्यावर एकेकजण गुळमुळीत बोलू लागला. आणि मेव्हण्याने दवाखान्यातल्या खाटेवरून जबाब दिला, "मी शिट्टी वाजवलीच नाही. घाबरलो. चूक माझी." कंपनीला ते सोयीचं होतं. जायबंदी माणसाचीच चूक ठरली की पुढचे सगळे प्रश्न मिटतात.

तेव्हा हे स्वतः चौकशी अधिकाऱ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की मी बहिरा आहे, शिट्टी वाजली असणार, मला ती आली नाही.

कोणी विश्वास ठेवला नाही. अधिकारी नरमाईने म्हणाले, "उंचावरचे, नातेवाइकासाठी तुम्ही स्वतःवर घेताय, हे आम्हाला समजतं. पण अहो, आमच्या घरीसुद्धा रविवारी तुमचं पत्र ऐकतात." त्यांनी डॉक्टरांचे सहा वर्षांचे दाखले काढून दाखवले. बहिऱ्याचं सोंग काय, कोणीही घेईल.

त्या संध्याकाळी ते मुलीची गेल्या वर्षीची निबंधाची वही आणि रेडिओ केंद्राकडून आलेली एका पत्राची पोच घेऊन माझ्या घरी आले. बसले नाहीत.

"पत्रं कोण लिहितं ते उद्या साहेब पोरीला विचारणार आहेत," ते म्हणाले. "ती खोटं बोलेल. माझ्यासाठी बोलेल. तुम्ही ही वही घेऊन या."

"ती लहान आहे हो."

त्यांनी माझे ओठ पाहिले. "मेव्हण्याने पाय दिला," ते म्हणाले. "आता नावही देतोय. ते मला नको."

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला तिघे साहेब, दुसऱ्या बाजूला हे, आणि मध्ये खुर्चीच्या कडेवर ती, शाळेच्या गणवेशात. तिला विचारलं, रेडिओची पत्रं कोण लिहितं? ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाबा लिहितात. मी फक्त टपालात टाकते." वडील तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी वही टेबलावर ठेवली. भांड्यांचं वाक्य, लाल रेघ, शेरा, तारीख. शेजारी रेडिओ केंद्राकडून आलेली त्या पत्राची पोच, पंधरा दिवसांनंतरची. अधिकारी म्हणाले, "वडिलांचं ऐकूनही मुलगी लिहू शकते." म्हणून मी पुढचं सांगितलं: माइक किंचाळला तो दिवस, पेटीवरचा पंजा, घरात झालेलं बोलणं. फाटकापाशी ते जे म्हणाले होते तेही सांगितलं, आणि हे मला वर्षभर माहीत होतं, हेही. बोलून झालं तेव्हा खोलीत कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं.

बाहेरच्या ओसरीवर मुलगी माझ्याजवळ आली.

"बाई, ते वाक्य तुम्हाला आवडलं होतं ना?"

"हो."

"मग?"

ती आईकडे निघून गेली. वही टेबलावरच राहिली होती. ती तिने परत मागितली नाही, आणि दहावीपर्यंत मला तिने जे निबंध दिले ते मार्गदर्शकातून उतरवलेले होते. मी त्यांना उत्तीर्ण होण्यापुरते गुण देत गेले.

निकाल लागला. मेव्हण्यावरचा ठपका पुसला आणि त्याला हत्यारांच्या कोठारात खिडकीमागे बसायचं काम मिळालं. क्रेनवाल्यांना आजार लपवल्याबद्दल काढून टाकलं. महिन्याभरात खोली सोडावी लागली. डॉक्टर होते तिथेच राहिले. मेव्हणा कुबड्या घेऊन पहिल्यांदा त्यांच्या नव्या, एका खोलीच्या घरी आला, तेव्हा बहिणीसमोरच म्हणाला, "दाजी, तुम्हाला कोणी मधे बोलायला सांगितलं होतं? माझा पाय गेलाच होता. तुमचं तरी राहिलं असतं." त्यांनी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ऐकू आलं नसेल असं म्हणावं, तर तो समोरच उभा होता.

रेडिओवर काही आठवडे लोकांनी चौकशी केली म्हणे, उंचावरचे कुठे गेले. मग दुसरं कोणी लिहायला लागलं. गुण सढळ हाताने द्यायचं.

ती गाणी आता पुन्हा वाजतात. बसमध्ये, औषधाच्या दुकानात, लोक डोळे मिटून म्हणतात, काय गाणी होती, आता तशी होणे नाही. तो प्रियकर अजून तिन्ही कडव्यांत मरायला निघतो. मी बरोबरच्यांना सांगत नाही, पण मला ती दशकभराची गाणी तीन, पाच, दोन अशीच आठवतात. त्यातली बहुतेक खरोखरच तेवढ्याच लायकीची होती.

मुलगी दूरच्या शहरात विमा कचेरीत आहे. आईला फोन करते. वडिलांसाठी निरोप असला तर आई कागदावर लिहून त्यांच्यासमोर धरते. मधली वीस वर्षं त्यांनी एका सुतारकामाच्या दुकानात लाकूड घासायचं काम केलं, ते आता झेपत नाही. त्यांना काहीही ऐकू येत नाही. मेव्हण्याची बायको गेली आणि गेल्या वर्षापासून मेव्हणा अंथरुणाला खिळला आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी हे सकाळच्या बसने त्याच्याकडे जातात, त्याला आंघोळ घालतात, दाढी करतात आणि दुपारच्या बसने परत येतात.