निजवलेले ब्लोअर

तात्यांवर लिहिणारा मी कोण, असं पुन्हा पुन्हा मनात येतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. माझं आजवरचं लिहिणं म्हणजे प्रयोगवही आणि घरची पत्रं. तेव्हा चुकलंमाकलं तर समजून घ्यावं. पण तात्यांची एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी विंचूरहून नाशिकला बी.एस्सी.ला आलो आणि भिकाजीतात्यांच्या गॅरेजमागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. तात्या मोटारींचं वायरिंग करायचे. हीटर असलेल्या गाड्या शहरात तेव्हा मोजक्याच, बहुतेक जुन्या विलायती. त्या सगळ्या तात्यांकडे येत. उन्हाळ्यात मुलं चाळा म्हणून बटण दाबत आणि गाडीची भट्टी होई. म्हणून चैत्र लागला की तात्या गरम पाण्याचा नळ बंद करत, ब्लोअरची, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या पंख्याची, वायर सोडवत आणि टोकाला चिंधी बांधून ठेवत. दिवाळीनंतर थंडी पडली की कुणी बोलावलं नाही तरी सायकलवरून घरोघर जाऊन ती जोडून देत. कुठल्या बंगल्यातला कुठला ब्लोअर निजलाय, हे त्यांना तोंडपाठ होतं.

कुणी घाबरून आधीच गाडी घेऊन येई. ब्लोअरची मोटर जळाली, नवी टाका, असं दुसरीकडे ऐकून आलेला असे. तात्या हसायचे. "निजलाय तो, मेला नाय."

मग ते वायर जोडून बटण लावत आणि डोळे मिटून बसत. काहीच आवाज नसला तर आधी फ्यूज, मग एक छोटा बल्ब वायरीला लावून करंट कुठवर पोचतोय ते बघणं, मग बॉडीला जोडलेल्या वायरीचा गंज पॉलिश पेपरनं घासणं. मोटरला हात सर्वांत शेवटी. "तिच्यापर्यंत काय पोचतच नसंल तर तिला काऊन बोल लावायचा, कालेजवाले?" मला ते कधी नावानं हाक मारत नसत. एकदा एक ब्लोअर नुसताच घुमत होता. तात्यांनी त्याचा पंखा मोकळा करून बटण दाबलं, तर जाळीतून कडुनिंबाची वाळकी पानं भुरभुर उडाली आणि गाडीभर पसरली. मालक ओशाळला. तात्या मात्र पानं खाली बसेपर्यंत बघतच राहिले. गोदेवरून धुकं गॅरेजपर्यंत यायचं, त्यात ती घुंईऽऽ अशी घरघर कबुतरासारखी घुमायची. ते हिवाळे आठवले की मी खरंच तिथे होतो की नाही, असं वाटतं.

एका दिवाळीत तात्या तापानं पडले. सगळ्या गाड्या राहिल्या. पण काळजी होती ती डॉक्टरबाईंची. बाई दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी भल्या पहाटे स्वतः गाडी चालवत हरसूलला पेशंट बघायला जात. काचेवर गरम हवा आली नाही, तर आतून धुकं धरणार. "गाडी इकडं धाडा म्हणावं, नायतर जाऊ नका म्हणावं," तात्या म्हणाले. कॉलेजची वाट बाईंच्या बंगल्यावरूनच होती. सांगतो म्हणालो.

फाटकावर पितळी घंटा होती, आत कुत्रा होता. तीन दिवस मी तिथे उभा राहिलो आणि परतलो. अशा घरात काय बोलून सुरुवात करायची, हेच मला येत नव्हतं. चौथ्या दिवशी तात्यांनी विचारलं. मी म्हणालो, सांगितलं.

त्याच आठवड्यात बाईंची गाडी हरसूलच्या वळणावर मोरीवर आदळली. काचेतून काही दिसलंच नाही म्हणे. उजवं मनगट मोडलं. शेकडो बाळंतपणं केलेला हात तो.

अंगात ताप असतानाच तात्या मला घेऊन दवाखान्यात गेले. बाई म्हणाल्या, ब्लोअर ऐन वेळी जळाला वाटतं. तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जळाला नाय, बाई. वायर मी सोडली व्हती. तुम्हाला निरोप धाडायचा माझ्याकडून राहिला."

मी शेजारीच उभा होतो.

बाहेर आल्यावर मी रडायला लागलो. ते म्हणाले, "सोडली कुणी? मग जोडायची जिम्मेदारी कुणाची?" एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही आणि भाड्याची खोलीही सोडायला सांगितली नाही. ही गोष्ट शहरभर झाली. त्या हिवाळ्यात विलायती गाड्या येईनाशा झाल्या. पुढच्या वर्षी गॅरेज बंद करून तात्या गावी, सायखेड्याला गेले. मी एम.एस्सी.साठी पुण्याला आलो. बाईंना खरं कळवायचं म्हणून दर दिवाळीला पत्र लिहायला घेई. 'सादर प्रणाम' याच्यापुढे ते जात नसे.

गेल्या महिन्यात वसतिगृहावर तात्यांच्या मुलीचं कार्ड आलं. तात्या झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला डॉक्टरबाई नाशिकहून आल्या होत्या. त्या उठून सर्वांसमोर बोलल्या, की आपली चूक आपल्या पायांनी चालत येऊन सांगणारा माणूस त्यांनी आयुष्यात एकच पाहिला. मुलीनं लिहिलं होतं, दादा, हे ऐकायला तुम्ही हवे होतात.