आमच्या संस्थेचा कोरियन उमेदवार

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मच्छीमार संस्थेने कोरियातल्या गाण्या-नाचण्याच्या एका स्पर्धेत आपला उमेदवार उभा केला. संस्थेचा सचिव या नात्याने या सगळ्या प्रकाराला मीच जबाबदार आहे. (उमेदवाराला अजून याचा पत्ता नाही.)

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या काठावरचं, पुनर्वसनाचं. पहाटे डोंगा घेऊन पाण्यात जायचं, सकाळी मासळी काट्यावर घालायची आणि दुपारनंतर फुरसतच फुरसत. माझे आजवरचे सगळे घोटाळे या फुरसतीत झालेले आहेत. माझी एकुलती एक मुलगी प्राची पुण्याला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. अख्ख्या पुण्याचं रक्त तपासायला तिला वेळ आहे, घरी बोलायला मात्र दोन मिनिटं! आमचा रोजचा संवाद मला तोंडपाठ आहे.

"जेवली काय व?"

"हो."

"का जेवली?"

"पोळी-भाजी. बाबा, ठेवू?"

मी "ठेव" म्हणायच्या आधीच फोन ठेवलेला असतो. मग मी हातातल्या मोबाइलकडे पाहत बसतो आणि बायको माझ्याकडे.

दिवाळीला प्राची आली ती स्वतःच्या पगारातून मोठा टीव्ही घेऊनच. इंटरनेटवर चालणारा! त्यावर तिने आपल्या अकाउंटने एक ॲप सुरू करून दिलं, "यात सगळं हाय, पाहात जा," म्हणाली आणि चार दिवसांत गेलीसुद्धा. घर रिकामं झालं. मी उगाच ते ॲप उघडलं, तर वरच्या ओळीत कोरियन नट-नट्यांची चित्रं आणि प्रत्येक चित्राखाली एक लाल रेघ. कुठे बोटभर, कुठे अर्ध्यापर्यंत. ही रेघ काय आहे ते कळायला मला चार दिवस लागले. प्राची पुण्यात मोबाइलवर जेवढं पाहील, तेवढी ती रेघ आमच्या टीव्हीवर पुढे सरकत होती!

मला तर घबाडच सापडलं. दुपारी रेघ पेरभर सरकली की समजायचं, पोरगी डबा खायला बसली. दिवसात दोन भाग संपले की समजायचं, आज सुट्टी. एकदा दोन दिवस रेघ हललीच नाही. मी ताबडतोब फोन लावला.

"तब्येत बरी नाही काय व तुई?"

"तुमाले कसं समजलं बाबा? कालपासून ताप हाय."

"बापाले समजते," मी म्हणालो.

बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि गावभर सांगितलं, की पोरीचं दुखणं यांना इथे बसल्या जागी जाणवतं! लोक माझ्याकडे आदराने पाहायला लागले. आयतं मिळालेलं मोठेपण परत करायची माझी पद्धत नाही.

पण नुसती रेघ पाहून माझं भागेना. पोरीला हसू कुठे आलं असेल, रडू कुठे आलं असेल, तेही कळावं असं वाटायला लागलं. म्हणून मी आणि बायको तिने पाहिलेले भाग पाहायला लागलो. (हिंदीत बोलतात सगळे, त्यामुळे अडचण नाही.) त्या मालिकेत नायकाला नायिकेचा हात धरायला आठ भाग लागले. आठ!

"आपल्या लग्नात भटजीनं दोन मिनिटांत धरवला होता," बायको म्हणाली.

पण तिथल्या लोकांचं जेवण आम्हाला फार आवडलं. दुःख झालं की जेवतात, भांडण मिटलं की जेवतात, आणि आई पोराच्या ताटात आपल्या हाताने काहीतरी वाढत राहते. ते पाहताना बायको एकदम उठून आत जायची आणि बराच वेळ भांडी वाजवत राहायची.

आता एक भानगड होती. आम्ही पाहिलं की रेघ आमच्यामुळे सरकायची. मग रिमोटने ती मागे-पुढे करून बरोबर तिच्या जागेवर नेऊन ठेवायची. विसर पडू नये म्हणून मी संस्थेच्या वहीच्या मागच्या पानावर नोंद करायचो, 'नायिका छत्री उघडते, तिथे.'

"आवो, चोरी करून राहिले काय? पोरगी आपलीच हाय ना?" बायको म्हणायची.

"ध्यानात आलं तं पासवर्ड बदलून टाकन ते. आजकालच्या पोरायले आवडत नाही मागं-मागं पाहिलेलं."

मला भीती ही एकच होती. पासवर्ड बदलला की रेघ गेली, आणि रेघ गेली की माझ्या वाट्याला पुन्हा पोळी-भाजी.

उन्हाळ्यात त्या ॲपवर ती स्पर्धा सुरू झाली. चाळीस पोरं गातात, नाचतात, रडतात, दर आठवड्याला काही जण घरी जातात आणि शेवटी सात जणांचा संघ होतो. आवाज ऐकून आमचे शेजारी, संस्थेचे अध्यक्ष तुळशीरामभाऊ डोकावले. दुसऱ्या दिवशी ते संस्थेच्या पाच सभासदांना घेऊन आले. मग रोज संध्याकाळी सहाला आमच्या घरी सभा भरायला लागली. मासिक सभेला कोरम होत नाही म्हणून मी वर्षानुवर्षं बोंबलतोय, आणि इथे चहा पुरेना!

तिसऱ्या दिवशी पडद्यावर एक काळासावळा पोरगा आला. त्याचं गाव दाखवलं, समुद्र दाखवला आणि नावेत उभा राहून जाळं ओढणारा त्याचा बाप दाखवला.

"थांबव! थांबव बे!" तुळशीरामभाऊ उठून टीव्हीला नाक लावून उभे राहिले. "जाळं पाय. आपल्याहून बारीक हाय."

"ओढाची पद्धत चुकून राहिली त्याची," एक सभासद म्हणाला.

"पद्धत जाऊ दे गा. त्याचे बोटं पाय सचिव, बोटं. सुतानं कापले हायेत. हा तं आपलाच माणूस होय!"

झालं! त्या पोराच्या सात पिढ्या आमच्या समाजात जमा झाल्या. खाली 'मत द्या' असं बटण होतं, दिवसाला एक मत. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं, सगळ्यांचे हात वर झाले आणि मी रिमोट दाबला. खरं सांगायचं तर पोरगा बेसूर होता. पण सर्वानुमते होत असलेल्या ठरावात सुराचा मुद्दा काढणं बरं दिसलं नसतं.

माझी अडचण वेगळीच होती. प्राचीने एका चंदेरी केसांच्या पोरासमोर बदाम लावून ठेवला होता. तो मला टीव्हीवर दिसत होता. एकदा मी हळूच त्या पोराचं नाव सुचवून पाहिलं.

"याचे केस या वयात काहून पिकले?" तुळशीरामभाऊंनी विचारलं. "घरी काही भानगड असन. नको."

मी मनाची समजूत घातली, की तिच्या मोबाइलवर तिचं मत आणि आमच्या टीव्हीवर आमचं मत. मतदार यादीत घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं असतंच ना! एका अकाउंटला मिळून एकच मत, हे मला कोणी सांगितलंच नाही. (पडद्यावर लिहिलेलं होतं म्हणतात. बारीक अक्षरात लिहिलेलं मी संस्थेच्या कागदांवरसुद्धा वाचत नाही.) अशी तीन आठवडे, रोज सहाला, न चुकता आम्ही पोरीच्या नावावर मतं टाकली.

उपान्त्य फेरीचा निकाल लागला. आमचा पोरगा फायनलमध्ये! अंगणात गुलाल उडाला, एका सभासदाने डफ आणला, तुळशीरामभाऊ गमछा हवेत फिरवत नाचायला लागले. आणि माझा फोन वाजला. प्राची! तीही स्वतःहून!

"बाबा..." पोरगी रडत होती. "माह्या आवडीचा पोरगा होता एका स्पर्धेत, तो गेला. थोड्याशासाठी गेला. मी रोज रात्री मत द्याले जाओ, तं 'आजचं मत दिलं आहे' असंच ये. मले वाटे ॲप बिघडलं. बाबा, कोनंतरी माहं अकाउंट हॅक केलं!"

मी डफवाल्याला थांबायची खूण केली.

"तिकडं डफ कायचा वाजून राहिला?" तिने विचारलं.

"ते... संस्थेची निवडणूक झाली," मी म्हणालो.

"कोन आलं निवडून?"

"आपलाच होय एक," मी म्हणालो. कपाळावरचा गुलाल घामाने डोळ्यांत उतरत होता. त्या दिवशी ती माझ्याशी वीस मिनिटं बोलली. वर्षात पहिल्यांदा! पोरीचं मन मोडलं म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण वीस मिनिटं झाली म्हणून मी आतून सुखावलो होतो, हेही लपवत नाही.

सकाळी टीव्ही लावला तर पडद्यावर एवढंच, 'लॉग इन करा.' तिने पासवर्ड बदलला होता. चित्रं गेली, रेघ गेली. दुपारचे दोन वाजले तरी पोरगी डबा खायला बसली की नाही, काही कळायला मार्ग नाही. त्या दिवशी मी तीनदा टीव्ही लावला आणि तीनदा बंद केला. बायकोने विचारलं, "का पाहून राहिले?" मी म्हणालो, "काई नाही." जेवणावर माझं मन नव्हतं आणि तिचंही नव्हतं. पोरगी पुण्याला पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटत होतं.

सहाला सभा जमली.

"सचिव, आपला पोरगा फायनलमंदी, अन् टीव्ही बंद?" अध्यक्ष गरजले. मी पासवर्ड बदलल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "पोरीले खरं सांगून टाक. समाजाचा प्रश्न होय."

समाजाचं मला काही पडलं नव्हतं. पण चार दिवस तसेच काढल्यावर मी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मत, गुलाल, डफ, आणि रेघसुद्धा.

"रेघ कवापासून पाहून राहिले बाबा?"

"दिवाळीपासून."

"म्हनून तापाचं समजलं होतं तुमाले?"

"हो."

"अन् मी बी आईसारखंच समजून राहिली होती. मैत्रिनीयले सांगितलं होतं मी, माह्या बाबाले आपोआप समजते म्हनून." मग नाक ओढल्याचा आवाज आला. ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. "मले इचाराचं ना बाबा. डबा खाल्ला काय, एवढं तं मी सांगतलंच असतं."

"तू फोन ठेवून देतं ना व," मी म्हणालो.

नवा पासवर्ड तिने मला पाठवला. फायनल आम्ही सगळ्यांनी पाहिली. आमचा पोरगा नववा आला. तो बॅग घेऊन गावी परतला तेव्हा बाप धक्क्यावर उभा होता. त्याने पोराच्या हातातली बॅग घेतली आणि पुढे चालायला लागला. आमच्याकडे जमलेल्यांपैकी बहुतेकांची पोरं नागपूर-पुण्याकडेच आहेत. तुळशीरामभाऊ चहा अर्धा टाकून घरी गेले.

पुढे प्राचीची ड्युटी वाढली. मालिका पाहायला तिला वेळ मिळेना. एक दिवस तिचाच फोन आला.

"बाबा, ते छत्रीवाली अर्धीच राहिली माही. तुमी पाहा अन् मी डबा खातो तवा मले सांगत जा. रोज एक भाग."

तेव्हापासून दुपारी दोनला मी फोनवर मालिका सांगतो. पुण्यात डबा उघडतो, इकडे नायिका रुसते. तिथे डब्यात काय आहे तेही आपसूक कळतं. बायको शेजारी बसून माझ्या चुका काढते. अर्धा-अर्धा तास! मी प्रत्येक भाग जमेल तितका लांबवला, तरी व्हायचं ते झालंच. मालिका सोळाव्या भागात संपली. नायक-नायिकेचं लग्न झालं, सगळे जेवायला बसले, खाली नावं आली.

दुसऱ्या दिवशी दोनला फोन वाजला आणि मी सतरावा भाग सांगायला सुरुवात केली.

अठराव्यात नायकाने नोकरी सोडली. एकोणिसाव्यात तो धरणावर मासे धरायला लागला.

"कोरियात बी धरन हाय काय?" प्राचीने विचारलं.

"भल्लं मोठं हाय," मी म्हणालो. एकविसाव्यात नायिकेच्या आईने उडदाचे वडे केले. (हा भाग बायकोने सुचवला.) परवा तेविसावा सांगून मी समाधानाने फोन खाली ठेवला, तेव्हा बायको म्हणाली, "आवो, पोरीच्या मोबाइलमंदी किती भाग दिसत असन? सोळाच ना?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! पोरीला कळलेलं असणार. सात दिवस कळलेलं असणार. उद्या दोनला फोन आला की पहिलं माफी मागायची, असं ठरवून मी बसून राहिलो. फोन आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडून डब्याचं झाकण वाजलं.

"हं बाबा, सांगा चोविसावा. पन आज लवकर नका संपवू, मले दुपारून सुट्टी हाय."

आणि नेमका चोविसावा माझा रचून झालेला नव्हता!