गड्डीतलं दहावं फूल

नऊवाल्या बाई दुकानात आल्या की मी आधी बादलीतून जरबेराची गड्डी काढायचो आणि मग राग गिळायला सुरुवात करायचो. जरबेराची गड्डी दहाची असते. मार्केट यार्डात ती दहाची बांधून येते, मी दहाची विकतो, विश्रांतवाडीपासून हडपसरपर्यंत सगळे दहाचीच विकतात. बाई पैसे अख्ख्या गड्डीचे द्यायच्या, रबर काढायच्या, एकेक फूल डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या आणि त्यातलं एक उपसून माझ्या गल्ल्यावर ठेवायच्या. उरलेली नऊ पिशवीत घालून चालू लागायच्या.

पहिल्यांदा त्यांनी असं केलं तेव्हा मी भडकलो. धंदा नवा होता, आळंदी रोडच्या फुटपाथवरून उठून मी नुकताच गाळ्यात आलो होतो आणि कुणी मालाला नाव ठेवलं की माझ्या डोक्यात जायचं.

"खराब निघालं का?" मी विचारलं.

"नाही. चांगलं आहे."

"मग?"

"मला नऊ लागतात."

"मग नऊचं बोलायचं होतं. घासाघीस केली असती आपण."

बाईंनी माझ्या पाटीकडे बोट केलं. "'गड्डी फोडून मिळणार नाही. विचारू नये.' हे तूच लिहिलंयस ना मेल्या? मी विचारलं नाही. फोडली."

गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या, माझ्यापेक्षा वीतभर उंच बाईच्या तोंडून 'मेल्या' ऐकलं आणि मी निमूट पैसे गल्ल्यात टाकले. भाव करताना मला गप्प बसवणारी माणसं मी बोटांवर मोजू शकतो. ते दहावं फूल मात्र मी पाच मिनिटांत एका कॉलेजच्या पोराला विकलं. पुढे कित्येक वर्षं विकत आलो. बाईंना ते माहीत होतं. "माझ्या फुलाला गिऱ्हाईक मिळालं का रे?" असं त्या पुढच्या खेपेला विचारायच्या.

बाईंचं मराठी म्हणजे त्यांच्या सासूबाईंचं मराठी. नवरा पुण्याचा, सोव्हिएत काळात सरकारी शिष्यवृत्तीवर लाटव्हियातल्या रीगा शहरात इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि येताना यांना घेऊन आला. साहेब दिवसभर कचेरीत, घरात सासू. बाईंनी भाषा उचलली ती थेट तिच्या तोंडातून. त्यामुळे 'जळलं मेलं लक्षण', 'तुझ्या जिभेला काही हाड' हे सगळं त्यांच्याकडे होतं. मात्र 'ट्रॅफिक'ला त्या 'वर्दळ' म्हणायच्या. खरं नाव वेल्टा. लग्नात सासूबाईंनी वृंदा ठेवलं. "नाव घेतलं, नाव दिलं," बाई म्हणायच्या, "सासूबाई व्यवहाराला चोख होत्या."

आमच्या रस्त्यावर त्यांना सगळे 'रशियन बाई' म्हणायचे. तेवढा एक शब्द त्यांना खपायचा नाही. शेजारचा किराणावाला एकदा सहज म्हणाला, "लाटव्हिया काय आणि रशिया काय, एकच की." बाई हातातली पिशवी खाली ठेवून वळल्या. "रशियाच्या दातात अडकलेला घास होतो आम्ही. निघालो एकदाचे. पुन्हा तोंडात घालू नका." त्या दिवसापासून मी त्यांना नऊवाल्या बाई म्हणायला लागलो, आणि माझं ऐकून बाकीचेही.

नऊचं कारण मला समजलं ते साहेब अंथरुणाला खिळले तेव्हा. बाईंना घर सोडता येईना. त्यांनी फोन केला, तर फुलं द्यायला मीच गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत तुळस. कपाटावर एका म्हातारीचा फोटो होता: डोक्याला रुमाल, मागे सफरचंदाचं झाड, चेहरा अगदी बाईंचाच, फक्त उन्हानं रापलेला. फोटोपुढे काचेच्या बरणीत मागच्या आठवड्याची नऊ फुलं माना टाकून उभी होती.

"कोण?"

"आई."

"तिकडेच असतात?"

"तिकडेच. पुरलीय." बाईंनी बिनदुधाचा चहा माझ्यापुढे सरकवला. "आमच्याकडे जिवंत माणसाकडे जाताना विषम फुलं न्यायची. तीन, पाच, नऊ. सम फुलं फक्त मेलेल्याला. चुकून कुणाला वाढदिवसाला चार फुलं दिलीस तर ती बाई दार लावून घेईल."

माझं डोकं हिशोबाचं. मी लगेच म्हणालो, "मग इथे चुकतंय की तुमचं. यांना दहा पाहिजेत."

बाईंनी बरणीतली जुनी फुलं काढली, पाणी ओतलं, नवी नऊ लावली. मग म्हणाल्या, "भावाचं पत्र आलं तेव्हा तिला पुरून महिना होऊन गेला होता. त्या काळात पत्र असंच यायचं, चार ठिकाणी उघडून. मी काही पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी दहा द्यावीत."

मी माझ्या आईला खांदा दिला होता. वाशिमजवळच्या आमच्या गावी, भर उन्हात. चटके बसत होते पायांना. तोवर ती मला आयुष्यातली सगळ्यात वाईट दुपार वाटायची. त्या दिवशी जिना उतरताना वाटलं, आपल्याला निदान ती दुपार तरी मिळाली.

साहेब गेले. मुलगा बंगळूरला नोकरीला होता. तो तिकडे चला म्हणाला, बाई गेल्या नाहीत. मग त्यानं आईला मायदेशी जाऊन यायला तिकीट काढून देतो म्हटलं, तेही त्या टाळत राहिल्या. दुकानात माझ्या स्टुलावर बसून निशिगंधाच्या काड्या उगीच सरळ करत म्हणायच्या, "घरात आता दुसरंच कुणी राहतं. भाऊही गेला. आता जाऊन काय बघू? थडग्यावरची वाळू?"

"बाई, माल बघितल्याशिवाय नाही म्हणू नये," मी म्हणालो. "तुम्ही इतकी वर्षं न बघता नाकारताय."

"मेल्या, माझ्या आईला माल म्हणतोस?"

"मग काय म्हणू? तुम्ही जाऊन आलात की सांगा."

दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. फुलं समोरच्या दुकानातून घेतली, मला दिसतील अशी हातात धरून नेली. तिसऱ्या आठवड्यात आल्या आणि म्हणाल्या, "तिकडच्या उन्हाळ्यात जातेय. तोवर गिऱ्हाईक बघ दुसरं."

परत आल्या तेव्हा इथला पाऊस ओसरला होता. येताना माझ्यासाठी लोकरीचे हातमोजे आणले होते, लाल-पांढऱ्या नक्षीचे. पुण्यात हातमोजे! मी विचारलं, "केवढ्याला पडले?" म्हणाल्या, "म्हातारी विणत बसली होती, ती म्हणाली तेवढे दिले." भाव न करता! मी चिडलो. त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या थंड खोलीत घाल. बोटं निळी होतात तुझी." फुलं ठेवायच्या शीतखोलीत माझी बोटं निळी पडतात हे माझ्या बायकोच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी गड्डी काढली. त्यांनी रबर सोडलं, एकेक फूल पाहिलं. मी सवयीनं हात पुढे केला. त्यांनी दहाही फुलं पुन्हा बांधली.

"आज सगळी."

"काय बाई, परदेशी जाऊन हिशोबाला पक्क्या झालात," मी म्हणालो. म्हणालो आणि मग माझ्या लक्षात आलं. मी स्टूल पुढे केलं.

त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. गिऱ्हाइकं येत होती, मी हातानंच थांबवत होतो. गाव तसंच होतं, फक्त लहान झालं होतं. सफरचंदाचं झाड कुणीतरी तोडून तिथे गाडी लावायला पत्रा टाकला होता. बाई बोलायला लागल्या की तरुण माणसं हसायची. चावडीतल्या मुलीनं विचारलं, "तुम्ही माझ्या पणजीसारखं बोलता, कुठून आलात?" "इथे सासूची भाषा, तिथे आईची," बाई मला म्हणाल्या. "माझ्याकडे माझं असं काही नाहीच की रे."

उन्हाळ्यात तिथे एक दिवस असा असतो की सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जमतं. पाइनच्या झाडांखाली स्मशान, जमीन सगळी वाळूची, प्रत्येक थडग्याजवळ बसायला बाक. फुलं लावतात, मेणबत्त्या लावतात, डबे उघडून जेवतात. बाई सकाळी बाजारात गेल्या. फूलवाल्या म्हातारीनं विचारलं, "किती देऊ?" इतक्या वर्षांची जीभ. बाई म्हणाल्या, "नऊ." म्हातारी हसली. "कुणाकडे निघालात?" बाई म्हणाल्या, "आईकडे." म्हातारीनं छान रिबीन बांधून दिली आणि म्हणाली, "खूश होतील बघा."

बाई नऊ फुलं घेऊन स्मशानात शिरल्या. लोक बघत होते. भावामागे राहिलेली वहिनी सोबत होती, तिनं फुलं मोजली आणि हळूच दंडाला धरलं. आजूबाजूला दहावं फूल मिळायची सोय नव्हती. बाईंनी मग रिबीन सोडली, नऊतलं एक काढलं, वहिनीच्या हातात दिलं आणि आठ वाळूवर ठेवली.

"ते एक काढायला मला किती वेळ लागला माहितीये?" त्यांनी विचारलं. "तुझ्या गल्ल्यावर इतकी वर्षं काढून ठेवत आले. हात सरावलेला होता. तरी निघेना."

निघताना तिथे एक रीत आहे. दाताळं घेऊन उलट्या पावलांनी मागे मागे यायचं, वाळू विंचरत, म्हणजे आपल्या पावलांचे ठसे मिटतात. वाळूवर पावलं राहिली तर लोक म्हणतात, या घरच्यांना शिस्त नाही. वहिनीनं दाताळं पुढे केलं. बाईंनी घेतलं नाही.

"मी पावलं तशीच ठेवली. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. म्हटलं, आईला कळू दे कुणीतरी येऊन गेलं."

तेव्हापासून त्या दहा न्यायला लागल्या. मला ते अजिबात आवडलं नाही. एकदा मी म्हणालोही, "बाई, एक काढा की. सवय आहे मला." त्या म्हणाल्या, "तुझा धंदा बुडाला काय एका फुलानं?" आणि हसल्या. पण पूर्वीचं हसणं नव्हतं ते. एक ओझं उतरलं की माणूस हलकं होतं म्हणतात. बाई हलक्या झाल्या नाहीत, रिकाम्या झाल्या. स्टुलावर जास्त वेळ बसायला लागल्या, आणि भांडायच्या कमी.

मग खुब्याचं दुखणं निघालं. मुलगा न्यायला आला. बाई रिक्षात बसताना दुकानासमोर थांबल्या. "ऑपरेशन झालं की येते. स्टूल विकू नकोस."

"कोण घेणार ते," मी म्हणालो.

आमचं शेवटचं बोलणं हे.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी दोन-तीनदा त्यांचा फोन लावून पाहिला, लागला नाही. म्हटलं, असतील नातवंडांत रमल्या. मग एक दिवस मुलगा दुकानात उभा. फ्लॅट विकायला आला होता.

"काका, एक हार द्या. फोटोला."

"कुणाच्या?"

त्यानं खाली बघितलं. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांतच गेल्या होत्या. बंगळूरलाच सगळं उरकलं होतं. अस्थी तो लाटव्हियाला घेऊन गेला, आजीच्या शेजारी ठेवून आला, परत येऊन कामालाही लागला होता.

"आणि मला आज सांगतोस?"

"काका, तुमचा नंबर नव्हता."

"नंबर पाटीवर आहे. दीड फुटाच्या अक्षरात." माझा आवाज चढला. किराणावाला बाहेर आला. "तुझ्या बापाच्या तिरडीची फुलं मी बांधलीत. तुझ्या आईनं इथे बसून अर्धं आयुष्य काढलं. एक फोन होत नव्हता तुला?"

"सॉरी काका. खरंच सुचलं नाही." पोरगा वाईट नाही. डोळे आईचे, निळे. ते भरून आले तसा मी आणखीच चिडलो.

"तिथे फुलं ठेवलीस?"

"हो."

"किती?"

"म्हणजे?"

"किती फुलं ठेवलीस आईपुढे?"

"मोजली नाहीत, काका. एक बुके घेतला विमानतळावर."

मी त्याला हार दिला. पैसे घेतले नाहीत, आणि 'राहू दे' असंही म्हटलं नाही. तो गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्याचीही आई होती ती." मला माहीत आहे. पण नुसतं माहीत असून राग गेला असता तर मी इतकी वर्षं तो गिळत बसलो नसतो.

आता आठवड्यातून एकदा मी जरबेराची गड्डी काढतो, रबर सोडतो आणि नऊ फुलं स्टुलावर बरणीत लावतो. पहिल्या वेळी बायको शेजारी उभी होती. बाईंची रीत तिलाही माहीत झालेली. "दहा लावा," ती म्हणाली. "त्यांच्यात आता दहा लागतात."

"ज्यांनी पाहिलं त्यांनी लावावीत," मी म्हणालो.

परवा एक मुलगी आली. स्टुलावरच्या बरणीकडे तिनं पाहिलं नाही, गल्ल्यावर एकटं पडलेलं फूल उचललं. "काका, हे सुटं केवढ्याला?"

मी तिच्या हातातून ते घेतलं आणि परत गल्ल्यावर ठेवलं.

"ते विकायचं नाही," मी म्हणालो. "दुसरं देतो."