हाताला न हलणारी मशीन

शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४. रक्कम आठ हजार रुपये. ठिकाण जालन्यात मस्तगडचं एक हार्डवेअरचं दुकान. हजर माणसं चार: मी, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दुकानदार.

एवढं मी त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलं होतं. मी बदनापूरला एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मधला फरक कापसाचा. चोवीस वर्षं हेच काम केल्यामुळे प्रत्येक गोष्ट मांडून पाहायची सवय लागली आहे. घरातले लोक हसतात, पण काही घ्यायचं झालं की मलाच बोलावतात. भावानेही म्हणूनच बोलावलं होतं.

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. जालन्याच्या एका शेडमध्ये त्याने एकोणीस वर्षं फॅब्रिकेशन केलं. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याच्या शेडचे सांगाडे. त्या वर्षी पावसाळ्यात तो काम सोडून कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या गावी परत आला. शेडला काम कमी झालंय, असं त्याने सांगितलं आणि मी ते मानलं. घराशेजारी पत्रे टाकून स्वतःचं दुकान करायचं त्याने ठरवलं. गावात आणि आजूबाजूला बांधकामं चालू होती, गेट सगळ्यांनाच लागत होते.

पैसा त्याच्या बायकोचा होता. आमचे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, ते आमच्या घरातून गेलं, पण तिने शेळ्या राखल्या होत्या. पाचातल्या चार विकून एकतीस हजार आले. साडेबारा हजारांची जुनी वेल्डिंग मशीन घेतली. उरले साडेअठरा हजार. त्यात लोखंड कापायची पहिली मशीन घ्यायची होती. ती एकदा घेतली की पुढची दोन-तीन वर्षं तिच्यावरच भागवायचं, म्हणून निवड चुकायला नको होती.

भावजय त्या दिवशी आमच्यासोबत येईल असं मला वाटलं नव्हतं. मी तिचा भाया, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भायाशी बायका तोंडावर बोलत नाहीत. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण माझ्याशी ती एक वाक्य सरळ बोललेली नव्हती. काही सांगायचं असलं तर माझ्या बायकोला सांगायची आणि बायको मला. तिच्या शेळ्यांचा पैसा आहे, स्वतः बघावंसं वाटलं असेल, असा मी अर्थ लावला. ती दुकानाच्या पायरीवर पदर पुढे ओढून बसली. आम्ही दोघं आत.

दुकानदाराने तीन मशीन दाखवल्या. पहिली, दोन्ही हातांनी धरून चालवायचं सात इंची ग्राइंडर, सात हजार चारशे. दुसरी, जमिनीवर ठेवून वरून दाबायची कटिंग मशीन, जिला सगळे चॉप सॉ म्हणतात, नऊ हजार आठशे. तिसरी कोपऱ्यात होती, बँडसॉ. तिच्यात पाइप शिकंज्यात अडकवायचा आणि बटण दाबायचं. पात्याचा पट्टा आपल्या वजनाने सावकाश खाली उतरत जातो. ठिणगी नाही, आवाज कमी. किंमत छत्तीस हजार.

मी डायरी काढली. एका चकतीत किती काप होतात, चकती केवढ्याला, पातं केवढ्याला, असं एकेक विचारत गेलो. दुकानदार वयस्कर आणि गमत्या माणूस होता. तो भावाला म्हणाला, "तुमचे बंधू मशीन घेऊन राह्यले का मशीनची कुंडली काढून राह्यले?" भाऊ हसला. मी हसलो नाही, कारण भागाकार चालू होता.

ग्राइंडरचा एक काप दोन रुपये तेहेतीस पैशांना पडत होता, बँडसॉचा सत्तर पैशांना. कापामागे एक रुपया त्रेसष्ट पैसे वाचत होते. पण किमतीत फरक अठ्ठावीस हजार सहाशेचा. महिन्याला दोन गेट, एकशेवीस काप धरले तर तो फरक भरून यायला बारा वर्षं दोन महिने लागणार होते. चॉप सॉ नुसतं कापते. ग्राइंडर कापतं आणि वेल्डिंगचा सांधा घासून साफही करतं. चकत्या बदलल्या की एका मशीनमध्ये दोन कामं. उत्तर माझ्यासमोर स्पष्ट होतं.

तोपर्यंत दुकानदाराने ग्राइंडरवर कापलेला लोखंडी अँगलचा एक तुकडा नमुना म्हणून भावाच्या हातात दिला. हे काम करणारी माणसं काप कसा झालाय ते डोळ्यांनी बघत नाहीत. अंगठा कडेवरून फिरवतात. कड कुठे राहिली, कुठे काप तिरपा गेला, ते अंगठ्याला कळतं. भावानेही उजवा अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि म्हणाला, "बराबर हाय."

तुकडा त्याने परत ठेवला तेव्हा काचेच्या काउंटरवर रक्ताचा थेंब पडला. अंगठ्यावर एक इंचाची चीर होती. त्याने ती माझ्या बघण्यावरून पाहिली. मी रुमाल दिला आणि जरा लक्ष देत जा, असं रागावून म्हटलं. त्याने अंगठ्याला रुमाल गुंडाळला आणि काहीच झालं नाही असं म्हणाला.

तेव्हा भावजय पायरीवरून उठली. आत आली नाही. उंबऱ्याच्या बाहेरूनच, माझ्याकडे न बघता, दुकानदाराला विचारलं, "मामा, यातली कोणती मशीन हाताला हलत न्हाई?"

दुकानदाराने कोपऱ्यातल्या बँडसॉकडे बोट केलं. ही हातात धरायचीच नाही, म्हणाला, तर हलायचा प्रश्नच नाही. मग हसून पुढे म्हणाला की मालकीणबाईंना भारीतलीच पसंत पडली. मलाही तसंच वाटलं. बाईमाणसाला कोपऱ्यातली मोठी मशीन आवडली, एवढाच अर्थ मी घेतला. साडेअठरा हजारांत छत्तीस हजारांची वस्तू येत नाही, असं मी भावाला ऐकवलं, तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात. ती पुन्हा पायरीवर जाऊन बसली.

कमी पडत होते साडेसतरा हजार. त्या दिवशी माझ्या खात्यात त्याहून जास्त होते. हेही लिहायला हवं.

भावाला विचारलं, ग्राइंडर घ्यायचं ना? तो म्हणाला, तुम्ही म्हणाल ते. ग्राइंडर, दहा चकत्या आणि एक चष्मा मिळून आठ हजार एकशे नव्वद झाले. वरचे एकशे नव्वद मी कमी करून घेतले आणि त्याचा मला दिवसभर आनंद होता.

पहिले दोन महिने काम बरं चाललं. एका शेतातल्या घराचं गेट, दोन खिडक्यांचे ग्रिल, कोंबड्यांच्या शेडचा सांगाडा. मी महिन्यातून एकदा जायचो. भाऊ कापायचा आणि भावजय पाइपाचं दुसरं टोक धरून बसायची. जानेवारीत थंडी वाढली. एकदा सकाळी मी गेलो तेव्हा तो चुलीपुढे बसून हात शेकत होता. बोटं शेवटच्या पेरापर्यंत पांढरी पडली होती, चुन्यात बुडवल्यासारखी. मी विचारलं तर थंडीने होतं म्हणाला. थंडी मलाही वाजत होती, माझी बोटं पांढरी नव्हती. तरी मी पुढे विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठच्या सुमारास, अपघात झाला. गावातल्या एका मास्तरांच्या नव्या घराचं दोन झडपांचं गेट चालू होतं. अठ्ठावन्न तुकडे कापायचे होते, एकतीस कापून झाले होते. भावाने बटण बंद केलं आणि चकतीत अडकलेला चुरा डाव्या हाताने काढायला गेला. बटण बंद केल्यावरही चकती थोडा वेळ फिरत राहते. डोळ्याला ती थांबल्यासारखी दिसते. ती थांबली की नाही ते धरलेल्या हाताला कळतं, कारण मशीनची थरथर हातात येत असते. त्याच्या हातात ती आली नाही. चकती डाव्या तळव्यावरून, शेवटच्या दोन बोटांच्या मुळाशी गेली.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डावा हात शिवला आणि मग उजवाही तपासला. बोटांना सुई टोचून विचारलं, लागतं का? भाऊ दुसरीकडे बघत म्हणाला, लागतं. सुई त्या वेळी टोचलेलीच नव्हती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की वर्षानुवर्षं हलणारी मशीन धरून बोटांच्या नसा मेल्या आहेत, हे काल-परवाचं नाही. काम तेव्हाच बदलायला हवं होतं. आता दोन्ही हातांची संवेदना परत येईल असं ते सांगू शकत नव्हते. डाव्या हाताची दोन बोटं मिटणार नाहीत, हे मात्र त्यांनी नक्की सांगितलं.

रात्री घरी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, दिवाळीतच भावजयीने तिला सगळं सांगितलं होतं. भाऊजींच्या शर्टाची बटणं ती लावून देते. हातातला पेला कधी सुटतो ते त्यांना कळत नाही. शेडवाल्यानेही याच कारणाने घरी पाठवलं, काम कमी झालं म्हणून नाही. हे मोठ्यांच्या कानावर घाला, असं तिने विनवून सांगितलं होतं.

मी विचारलं, मग तू मला का सांगितलं नाहीस?

"सांगितलं व्हतं की," बायको म्हणाली. "भाऊजींच्या हाताला मुंग्या येतात, असं म्हणलं मी. तुम्ही म्हणले, ताकदीच्या गोळ्या घे म्हणावं."

मला ते आठवलं. भावजयीकडून माझ्यापर्यंत येता येता मेलेल्या नसांच्या मुंग्या झाल्या होत्या. बायकोचा दोष नव्हता. दिराचं दुखणं वाढवून सांगू नये, एवढंच तिने पाहिलं होतं. भावजयीला मात्र निरोप पोचला नाही हे कळलं असणार. म्हणून ती मस्तगडला आली. तिथे माझी बायको नव्हती. मला तोंडावर सांगता येत नव्हतं, म्हणून माझ्यादेखत दुकानदाराला विचारलं. दुकानात बोललेला प्रत्येक आकडा मी लिहून घेतला होता. तिचा प्रश्न माझ्या डायरीत नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भावाजवळ बसलो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. शेवटी म्हटलं, तू तरी सांगायचं होतंस. रुमाल गुंडाळताना तरी.

तो छताकडे बघत होता. "सांगितलं असतं तर तुम्ही मशीनच घेऊ दिली नसती, दादा," तो म्हणाला. "अन् मंग मी काय केलं असतं?"

मी खरंच घेऊ दिली नसती. त्याला घरी बसवलं असतं आणि ते शहाणपणाचं समजलो असतो. साडेसतरा हजार घालून कोपऱ्यातली मशीन घ्यावी, हे तेव्हा सुचलं असतं का, ते सांगता येत नाही. सुचलं असतं असं आज लिहिणं सोपं आहे.

मास्तरांचं गेट अर्धं पडलं होतं. त्यांनी सहा हजार आगाऊ दिले होते. घाई नाही म्हणाले, पण मार्चमध्ये वास्तुशांती होती. मी कुंभार पिंपळगावच्या एका फॅब्रिकेटरशी बोललो आणि एका सोमवारी सगळं सामान टेम्पोत भरलं. भाऊही येतो म्हणाला. येऊन काय करणार, असं तोंडावर आलं होतं, पण या वेळी बोललो नाही. निघताना भावजयीने त्याच्या शर्टाची बटणं लावली. माझ्यासमोर लावली.

फॅब्रिकेटर तिशीतला माणूस होता. भाऊ बांधलेला हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसला आणि एकेक माप सांगत गेला. कागद नव्हता, सगळं त्याच्या डोक्यात होतं. एका ठिकाणी त्या माणसाला माप चुकीचं वाटलं. तो म्हणाला, काका, हे दोन मिलिमीटर जास्त होऊन राह्यलं. भाऊ म्हणाला, राहू दे, बिजागरीच्या बाजूला वेल्डिंगने झडप ओढली जाते, मग बराबर येतं. त्या माणसाने तसंच कापलं आणि चारी कोपऱ्यांना वेल्डिंगचे टाके मारून टेप लावला. दोन्ही कर्ण सारखे आले, म्हणजे झडप काटकोनात होती. त्याने टेप दुसऱ्यांदा लावून पाहिला.

"काका, तुम्ही हितंच येऊन बसा ना," तो म्हणाला. "मापं तुम्ही सांगा, कापतो मी."

भाऊ जरासा हसला. आज या गोष्टीला बरेच महिने झाले. तो तिथे गेलेला नाही. उरलेली एक शेळी आणि तिचं करडू घेऊन बांधाने फिरतो. दोरी मनगटाला बांधतो, कारण मुठीत ती आहे की सुटली ते त्याला समजत नाही.

गेट संध्याकाळी पाचला पूर्ण झालं. रंग मास्तर स्वतः देणार होते. उरलेले सत्तावीस काप, सगळं वेल्डिंग, घासाई आणि बिजागऱ्या मिळून चार हजार पाचशे रुपये झाले. ते मी माझ्या खिशातून, रोख, कुंभार पिंपळगावच्या त्या फॅब्रिकेटरच्या हातात दिले.