उबेत टिकणारा तुकडा

अरफा पुणतांब्याची. तिचे वडील अजीजभाई पेरूचे व्यापारी. राहात्याकडच्या बागा उक्त्या घ्यायच्या आणि माल टेम्पोत भरून बाजाराला न्यायचा, हा त्यांचा धंदा. पोरगी नेमकं काय करते असं कुणी विचारलं की ते "कॅन्सरवर काम करते" एवढंच सांगायचे आणि पेरूच्या भावावर यायचे.

ती नगरच्या एका संशोधन संस्थेत होती. स्तनाच्या काही गाठींत पेशींच्या अंगावर हर-टू नावाचं प्रथिन बेसुमार वाढलेलं असतं. त्याला धरणारी प्रतिपिंडं औषध म्हणून वापरतातच. पण अख्खं प्रतिपिंड अंगाने मोठं, रक्तात बरेच दिवस रेंगाळणारं. अरफाला त्याची नुसती पकड हवी होती. पकडीचे दोन भाग आणि त्यांना जोडणारा एक लवचीक दुवा. एवढासा तुकडा गाठीत लवकर शिरतो, उरलेला लघवीवाटे निघून जातो. त्याला किरणोत्सर्गी खूण जोडली, तर आजार शरीरात कुठे पसरलाय ते त्याच दिवशी स्कॅनमध्ये दिसेल, अशी आशा होती.

हा तुकडा जिवाणूंकडून बनवून घ्यायचा असतो. पहिले कित्येक महिने त्याच्या नुसत्या गुठळ्याच हाती आल्या. मग एकदाचा तो नीट घडला, बर्फावर ठेवलेल्या कॅन्सरच्या पेशींना जाऊन चिकटला, आणि त्याला जोडलेल्या चमकत्या रंगामुळे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीभोवती हिरवं कडं उजळलं. तिच्या मार्गदर्शक राजेश्वरी मॅडमनी तो फोटो पुण्याच्या परिषदेसाठी निवडला. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले.

अरफाच्या डोक्यातून मात्र एक गोष्ट जाईना. ही चाचणी बर्फावर करायचीच पद्धत, पण बाईचं अंग काही बर्फासारखं गार नसतं. तिने तोच तुकडा अंगाच्या उबेत ठेवून पुन्हा तपासला, आणि शेजारी हर-टू नसलेल्या पेशीही मांडल्या. हिरवं कडं त्यांच्याभोवतीही आलं. उबेत तुकडा उलगडत होता आणि समोर येईल त्याला चिकटत होता.

परिषद आठवड्यावर आली होती. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. ती सकाळीच मॅडमच्या खोलीत गेली आणि दोन्ही फोटो समोर ठेवले. मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी धरून पाहिले. मग त्यांनी पुण्याला फोन करून आपलं भाषण रद्द केलं आणि म्हणाल्या, "आता दुरुस्त कर. घाई करू नकोस."

दुरुस्तीला दीड वर्ष गेलं. तुकड्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीतल्या एकेका कडीच्या जागी दुसरी घालून बघायची, पुन्हा बनवायचा, पुन्हा उबेत ठेवायचा. घरून आई, शरिफा, लग्नाचं विचारायची. अरफा हसून टाळायची.

त्याच काळात पुणतांब्यात त्यांच्याच आळीतल्या छबूबाईंना स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन नगरला ठरलं. काढलेल्या गाठीचा थोडा भाग संशोधनासाठी द्याल का, हे विचारायला दवाखान्यातल्या डॉक्टरांबरोबर अरफाही गेली. छबूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मला उपेग व्हनार का याचा?" त्यांनी विचारलं.

"नाही, मावशी. तुमचा इलाज वेगळा चालेल. हे तयार व्हायला वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही."

"खरं बोललीस ते बरं केलंस," छबूबाई म्हणाल्या. "न्हाई तर हितं जो तो गोडच बोलतोय. घे तुला लागंल तेवढं."

त्यांच्या गाठीत हर-टू भरपूर निघालं. अरफाने त्या गाठीच्या पातळ कापावर नवा तुकडा टाकला, या वेळी उबेतच. गाठीचा भाग हिरवा झाला. शेजारची निरोगी पेशींची रांग काळीच राहिली. तिने हर-टू नसलेली गाठ तपासली, तीही काळीच. मग खुर्ची मागे सरकवून ती तशीच बसून राहिली. पेढ्यांची आठवण कुणी काढली नाही. मॅडमनी मात्र स्वतः येऊन सूक्ष्मदर्शकातून दोनदा पाहिलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तुकडा आता दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांवर तपासला जातोय. माणसापर्यंत पोचायला अजून बरीच वाट आहे, आणि अरफा ते कुणापासून लपवत नाही.

छबूबाईंचा इलाज पुरा झालाय. मागच्या ईदला अरफा गावी गेली तेव्हा त्या कांद्याच्या चाळीपाशी बसून कांदा निवडत होत्या. केस आखूड, पण दाट आले होते. अरफाने मोबाईलवर त्यांच्या गाठीचा फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला.

"ह्यो हिरवा म्हंजी माजा आजार?"

"हो, मावशी."

"म्हंजी आता ह्यो लपून बसायचा न्हाई," छबूबाई म्हणाल्या, आणि तिला बसायला जागा करून दिली.