वन्संची हाडं आणि वेयिल

एक दिवस तंजावरला आमच्या घरी जेवणं आटोपली आणि गोदावन्संना पाटावरून उठताच येईना... साठचं दशक सरत आलं होतं, मी लग्न होऊन नवीनच आले होते. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, तिशीचीसुद्धा नव्हती.

लहानपणापासून त्यांना फिट्स यायच्या. रोजच्या गोळीनं त्या थांबल्या, पण आता कंबर, मांड्या, सगळी हाडंच दुखत. चालायच्या बदकासारख्या डुलत...

सासूबाई कडाडल्या, "ती गोळीच मेली उष्ण! हाडं जाळली पोरीची. उद्यापासून बंद!" उष्णात आणखी उष्ण नको म्हणून वन्संना त्यांनी वर्षानुवर्षं उन्हात पाऊल टाकू दिलं नव्हतं. ताक, वाळ्याचं पाणी आणि माजघरातली सावली...

मला वाटलं, गोळी सोडली आणि चुलीपाशी फिट आली तर? देवाला हात जोडले आणि ह्यांना म्हटलं, "आधी डॉक्टरांना विचारू या हो."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, एक्स-रे काढला. मग सासूबाईंना तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, गोळी सोडायची नाही. या गोळ्यांनी कुणाकुणाची हाडं मऊ पडतात, हे आता कुठे कळायला लागलंय. व्हिटॅमिन डी देतो, दूध द्या. आणि वेयिल द्या, वेयिल!"

वेयिल म्हणजे ऊन. सासूबाईंनी विचारलं, "उष्णाला उन्हाचाच उतारा?"

"आणि फुकटचा, आई," मी हळूच म्हटलं. त्यांना हसू आलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग रोज सकाळी मी वन्संना घेऊन परसात उन्हात बसू लागले. औषध चालू, दूध चालू... काही महिने गेले. उन्हाळ्यात आम्ही वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घातल्या होत्या. मी पाणी आणायला वळले, तेवढ्यात मागून ओरडा... "हाड! हाड!"

सासूबाई स्वयंपाकघरातून धावतच आल्या. "कुठलं हाड गे? कंबरेचं की मांडीचं?"

पापड्यांवर कुत्रं आलं होतं, आणि वन्सं काठी घेऊन त्याच्या मागे धावत होत्या! "दुखत नाही गं अम्मा, पळतंय!"

आम्ही तिघी पोट धरधरून हसलो. सोवळ्यातल्या पापड्या कुत्र्यानं विटाळल्या, पण त्या दिवशी सासूबाईंनी चकार शब्द काढला नाही... पदरानं डोळे पुसले आणि सूर्यनारायणाला हात जोडले. मी मनातल्या मनात डॉक्टरांनाही जोडले.