बंद रस्त्यावरचा ओला दोर

ती रविवारची सकाळ मला अजून आठवते, आणि आठवली की डोकं फिरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण माणसांनी इतका वैताग दुसऱ्या कुठल्या केसमध्ये दिला नाही. त्या माणसांत मीही आलो. मी शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन निवृत्त झालो. शिक्षण दहावी. लिहिण्याची सवय फक्त पंचनाम्याची, तेव्हा सरळच लिहितो.

पैठणजवळ नाथसागराच्या काठाकाठानं एक जुना डांबरी रस्ता जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि मोसंबी. शहरातल्या सायकलवाल्यांना तो फार आवडला. इतकी जुनी नगरी, असा काठ, इथं गाड्यांचा त्रास नको, असा अर्ज त्यांनी वर दिला. वरून आदेश आला, दोन्ही टोकांना लोखंडी आडकाठी बसली, ‘वाहनांसाठी रस्ता बंद’ असा बोर्ड लागला. गावातल्या माणसाला तालुक्याला जायला आठ किलोमीटरचा वळसा पडला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

रस्ता बंद होऊन तिसरा रविवार. सकाळी साडेसातला मी ठाण्यात हजेरी घेत होतो, तेवढ्यात वीस-पंचवीस माणसं आत आली. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर टोप्या, बुटाला खालून लोखंड, त्यामुळं फरशीवर टकटक आवाज. त्यांचा एक डॉक्टर सोबती पडला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं, मानेवर लाल वळ उठला, दात गेले. त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं.

त्यांचा पुढारी टेबलावर हात आपटून म्हणाला, “रस्त्यावर तार बांधली होती. गळ्याच्या उंचीवर. हा अटेम्प्ट टू मर्डर आहे.”

मी विचारलं, “तार कुणी पाहिली?”

“वळ पाहिला ना आम्ही.”

“तार कुठंय?”

“ती शोधायचं काम तुमचं.”

माझं चुकलं ते इथंच. सगळे एकदम बोलत होते, फोनवर व्हिडिओ काढत होते, मोठ्या साहेबांना वरून तीन फोन येऊन गेले होते. मी फिर्यादीत लिहून टाकलं, ‘अज्ञात इसमाने लोखंडी तार बांधून’. न पाहिलेली वस्तू कागदावर आली. एकदा कागदावर आली की मग ती पोलिसालाही दिसायला लागते.

दुपारी खबर आली. आडकाठीजवळ चहाची टपरी आहे, तो टपरीवाला फोनवर म्हणाला, “साहेब, माझं नाव नका घेऊ. दूधवाला सकाळी तिकडूनच आला. कॅनला दोराचं वेटोळं होतं. आन् मागल्या आठवड्यात माझ्याचकडं चहा पिताना म्हणत होता, एकेकाला आडवं पाडतो म्हणून.”

दूधवाला म्हणजे त्याच काठावरचा एक शेतकरी. चार म्हशी, रोज मोटारसायकलवर दूध न्यायचा. वळसा पडल्यापासून तो रोज शिव्या घालायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आम्ही त्याच्या गोठ्यात गेलो. नवाकोरा दोर म्हशीच्या गळ्यात. घायपाताच्या पानातल्या वाखाचा, ओलसर, धाग्यांची कुसं तशीच वर आलेली. गुन्ह्यातला दोर म्हणावा तर माणूस तो पाण्यात फेकील, जाळील. ह्यानं म्हशीला बांधला होता.

“हे काय?” मी विचारलं.

“दोर.”

“कुठनं आणला?”

“हाय आपला.”

उचललं त्याला. तारेच्या जागी आता दोर आला, पण बाकी गोष्ट तीच राहिली. सोमवारी कोर्टानं बुधवारपर्यंत पोलीस कोठडी दिली.

चौकशीत तो दगड होऊन बसला. का केलंस, विचारलं तर गप्प. कोणाच्या सांगण्यावरून केलंस, गप्प. मी दोन कानाखाली दिल्या. लपवून काय करू, दिल्या. तेव्हा तो एवढंच बोलला, “साहेब, शुक्रवारी पोरीचा साखरपुडा हाय. तवर सोडा, मंग काय बी लावा.”

“मग बोल की.”

“नाय बोलता येत.”

असला माणूस. तोंड उघडलं तर सुटेल, आणि उघडत नाही. मुलाकडच्यांचा निरोप त्याच्या भावाकडं येऊन पोचला होता, की बाप खुनाच्या प्रयत्नात आत असेल तर आम्हाला विचार करावा लागेल. भाऊ बिचारा ठाण्याच्या पायरीवर दिवसभर बसून होता. मी त्याला दोनदा हाकललं.

सोमवारी संध्याकाळी जेवताना मी घरात चिडचिड केली. माझी बायको शेतकऱ्याच्या घरातली, चौथी शिकलेली. केसचं मी घरी सांगायचो नाही, पण त्या दिवशी बोलून गेलो की मूर्खानं गुन्ह्यातला ओला दोर म्हशीला बांधला.

तिनं भाकरी थापता थापता विचारलं, “वल्ला कसा व्हता? पाणी पडलं व्हतं का?”

“नाही. गोठा कोरडा होता.”

“कुसं घासलेली व्हती का नाय?”

“नाही. हाताला टोचत होती. का?”

“मंग त्यो इकत आणलेला न्हाई. वल्ला दोर कुणी इकत नसतं. पीळ दिला की दोन झाडांना ताणून बांधत्यात, फडक्यानं घासत्यात, वाळला की सोडत्यात. आधी सोडला तर पीळ उलगडतो. त्यो ताणावरनंच काढून आणलाय कुणीतरी.” आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “पोळा आलाय. दोरवाल्यांचे दिवस हायेत. तुमच्या ठाण्यात एकाला बी बैल न्हाई का?”

मी ताटावरून उठलो नाही, पण घास गोड लागला नाही.

मंगळवारी सकाळी काठावर गेलो. डॉक्टर पडला त्या वळणावर दोन बाभळी, एक रस्त्याच्या अलीकडं, दुसरी थोडी पुढं पलीकडं. दोन्हींच्या सालीला छातीच्या उंचीवर खाचा. ताज्या नव्हेत. वर्षानुवर्षं दोर घासून गुळगुळीत झालेल्या. रविवारी पंचनामा करताना मी ह्यातल्याच एका झाडाला टेकून उभा होतो.

ठाण्यात येऊन दूधवाल्यासमोर बसलो. म्हणालो, “काय बघितलंस ते सांग.”

तो म्हणाला, “तीन दिस झालं, का केलंस हेच इचारताय. काय बघितलंस, आज पयल्यांदा इचारलं.”

“आता विचारतोय ना. सांग.”

“तुम्ही त्या म्हाताऱ्याला मारणार नाय ना?”

“नाही.”

मग बोलला. तो बंदी मोडून त्याच रस्त्यानं दूध घेऊन चालला होता. वळणावर डॉक्टर पडलेला, आणि गावातलं दोर वळणारं म्हातारं जोडपं बाजूला उभं. मागून बाकीचे सायकलवाले येताना लांब दिसत होते. त्यानं दोघांना उसात पिटाळलं, दोर सोडला, कॅनला गुंडाळला आणि निघून आला.

“मग फेकला का नाहीस?”

“साहेब, चांगला नवा दोर. वाया कशाला घालवायचा?”



म्हातारा-म्हातारी घरीच होती. दोन दिवस चूल पेटली नव्हती. म्हातारा मला बघताच हात पुढं करून म्हणाला, “घाला बेड्या. त्या लेकराला सोडा.” म्हातारी मात्र माझ्यावरच तापली. “आमी तिथं दोर ताणतो चाळीस वर्सं झाली. गाडीचा आवाज आला की खाली सोडतो. कुणाला खरचटलं न्हाई आजवर. त्या बोर्डावर बंद लिवलंय म्हणं. आमाला वाटलं रस्ता बंद झाला, बरं झालं, सुखानं ताणू. ह्या सायकलींचं काय वाजतंय? हारन न्हाई, इंजन न्हाई. हा पाठमोरा घासत व्हता, त्यो माणूस वाऱ्यावानी आला.”

त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टरचा पुरवणी जबाब घेतला. तोंड सुजलेलं, तरी माणूस सरळ निघाला. म्हणाला, “तार मी पाहिलीच नाही. खरं सांगायचं तर रस्ताही पाहत नव्हतो. मान खाली घालून मीटरवरचा वेग बघत होतो.” पुढं म्हाताऱ्यावर निष्काळजीपणाचं साधं कलम लागलं आणि डॉक्टरनं कोर्टात तडजोड केली. सायकलवाल्यांच्या पुढाऱ्यानं ‘हल्ला’ म्हणून पसरवलेली बातमी मात्र कधी मागं घेतली नाही.

बुधवारी कोर्टात अहवाल देऊन दूधवाल्याला सोडलं. पण मुलाकडच्यांनी तोवर साखरपुडा रद्द केल्याचं कळवलं होतं. मी अहवालाची नक्कल त्याच्या भावाला दिली. भाऊ म्हणाला, “कागद कोण वाचतंय, साहेब?”

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, “उद्या साधे कपडे घाला. आपण दोघं जाऊ त्यांच्याकडं. तुमी गप बसायचं, मी बोलते.”

गुरुवारी गेलो. मुलाचा बाप ताठ बसलेला, मी कोण ते कळल्यावर आणखीनच ताठ. मी कलमं आणि तपास सांगायला तोंड उघडणार, तर तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

“दादा,” ती म्हणाली, “माझ्या ह्या माणसानं चूक केली. धरू नये त्याला धरलं, मारू नये त्याला मारलं. पोरीचा बाप दुसऱ्याला झाकत व्हता. असा व्याही तुमाला मिळतोय. आता काय ते तुमी बघा.”

मुलाच्या आईनं चहा टाकला. शुक्रवारी साखरपुडा झाला. आम्हाला बोलावणं होतं. मला लाज वाटली, मी गेलो नाही. बायको गेली.

तपास म्हणजे आधी बघणं आणि मग लिहिणं, हे मला त्या केसनं शिकवलं आणि पुढं नोकरीभर मी ते पाळलं. पण दुसरी गोष्ट शिकलो नाही. तीस-पस्तीस वर्षांत हजारो कागद लिहिले, ‘माझी चूक झाली’ असं एकावरही लिहिलं नाही. त्या एका वेळी बायको माझ्यासाठी बोलली आणि मी तेवढ्यावर भागवलं. गेल्या माघात ती गेली. आता माझ्या वतीनं बोलायला घरात कोणी नाही, म्हणून हे मलाच लिहावं लागतंय. त्या दूधवाल्याची काही चूक नव्हती. चूक माझी होती.